गोल केलेल्या तारखा

भट्टीच्या नळीत एका टोकाला चिमूटभर गंधक,
मधे मॉलिब्डेनमची फिकट पूड,
आणि पुढे नीलमण्याची चकती,
तिच्यावर काही उगवावं म्हणून आडवी ठेवलेली.
साडेसातशे अंश. आरगॉनची मंद फुंकर.
मग बसायचं.
माझ्या कामाचं वर्णन कोणी मागितलं तर एवढंच:
पांढरा झगा, दोनदा बूट बदलणं,
आणि बसणं.

उगवतात ते त्रिकोण.
निळसर, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील एवढे.
तीन अणूंची जाडी: गंधक, धातू, गंधक.
एक थर जरी सोलला
तरी त्याला त्या नावानं हाक मारता येत नाही.

मे महिन्यात उगवायचे थांबले.
तीच पूड, तेच अंश, तीच फुंकर,
आणि चकतीवर नुसते तपकिरी डाग,
चहाचा कप ठेवल्यासारखे.
जूनमध्ये एकदा उगवले, सुरेख.
दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग.

शू-हुएइ बावीस वर्षं यंत्रं सांभाळते.
तिनं भट्टीच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा
हिरवा पुडा आणून ठेवला.
इथे सगळ्याच यंत्रांवर असतो,
बँकेत, इस्पितळात, टोलनाक्यावर,
यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून.
पिवळा चालत नाही. तारीख उलटलेली चालत नाही.
मी पीएचडी आहे.
मी तारीख तपासली.

वडिलांची शेड शिन्चूच्या समुद्राकडच्या अंगाला.
तांदळाच्या शेवया, बांबूच्या ताटव्यांवर,
ओळीनं वाऱ्याला दिलेल्या.
ल्याव चिन-शुइ, वय एकोणऐंशी,
सकाळी एक शेवई कानाशी नेऊन मोडतात.
मनासारखी वाजली तर गॅसवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर
त्या तारखेला गोल, आणि ताटवे बाहेर.
नाही वाजली तर तारीख तशीच कोरी.

रविवारी जेवताना माझी नजर तिथे गेली.
सहा जून, गोल.
सहा जूनलाच ते सुरेख उगवले होते.
एकोणीस, गोल. एकोणीस, हो.
चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवून
मी फोनमधल्या नोंदी काढल्या.
अकरा चांगल्या चकत्या, त्यातल्या नऊ गोलात.
दोन बाहेर, त्या दोन अजूनही छळतात.
मी कॅलेंडरचा फोटो काढला.
"आ-च्वेन," वडील म्हणाले, "सूप गार होतंय."

सोमवारी हेलियम घेऊन गळती शोधली.
नळीच्या शेवटी रबराचं कडं,
त्याला केसाएवढी चीर.
दमट दिवशी तिथून पाणी आत जायचं, वाफेच्या रूपात,
कोणाच्या लक्षात येणार नाही इतकं.
नवं कडं तीस डॉलरला,
इथले डॉलर, म्हणजे एका वडापावाचे पैसे
असं म्हणायला हरकत नाही.
त्या रात्री धो धो पावसात त्रिकोण उगवले.
शू-हुएइनं पुड्याला हात जोडले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टर ज्यान म्हणाले, लेखात लिहा:
सभोवतालची आर्द्रता. पुरेसं आहे.
संदर्भांच्या यादीत बावीस नावं बसली.
गॅसवाल्याचं कॅलेंडर बसवायला जागा होती,
रीत नव्हती.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं,
याचं होणार काय?
म्हटलं, चिपा. वीस वर्षांनी. कदाचित.
"वीस," ते म्हणाले, आणि ताटवा उचलायला
माझ्याकडचं टोक धरायची खूण केली.

ऑक्टोबरात तो वारा आला,
दारं आपटणारा, डोळ्यांत वाळू घालणारा.
मी एक शेवई घेतली, कानाशी नेली, मोडली.
"वाजली?"
वाजली, पण कशी वाजायला हवी
ते मला माहीत नव्हतं.
मी दुसरी घेतली.
वडील पेन शोधत होते.